चाळीस टक्क्यांच्या अलीकडे

(कंधार येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेलं भाषण)



मी आपल्या कंधारचीच. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी मला दर्ग्याच्या उरुसात फुगे मागत रडताना पाहिलंय, त्यामुळे भाषण ऐकताना हसू आलं तरी चालेल.

हा माझा उजवा हात. जन्माच्या वेळी खांद्यापाशी नस ओढली गेली. चहाचा कप उचलता येतो, पोळी लाटता येते, पण पेन धरलं की दहा मिनिटांत बोटं आखडतात. बाहेरून काही दिसत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. डाव्या हाताने लिहायला शिकले असते तर बरंच सोपं झालं असतं. पण घरी आणि शाळेत एकच हुकूम होता, "सीधे हाथ से लिख." त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता.

दहावी-बारावी कशीबशी काढली. २०२२ साली बी.ए.ला गेले. कॉलेज तालुक्याबाहेरचं; नाव सांगत नाही, कारण असं कुठेही झालं असतं. पहिल्याच परीक्षेत इतिहासाच्या पेपरला वेळ संपला तेव्हा दोन प्रश्न कोरे होते. उत्तरं तोंडपाठ होती. घरी येऊन मी ती अब्बूंना ऐकवली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, "मुझे सुनाके क्या फायदा?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. विचारलं, लेखनिक मिळेल का? क्लार्क म्हणाले, सर्टिफिकेट आहे का? नव्हतं. का नव्हतं, तेही सांगते. अम्मीने कधी काढूच दिलं नाही. "लोगां क्या बोलेंगे? आगे शादी का क्या?" सरकारी कागदावर एकदा 'दिव्यांग' लिहिलं गेलं की ते पुसता येत नाही, ही तिची भीती. इथे बसलेल्या किती आयांच्या मनात हीच भीती आहे, मला माहीत आहे.

अब्बूंनी तीन दिवसांची मजुरी सोडून मला नांदेडला नेलं. तपासणी झाली, सर्टिफिकेट मिळालं, त्यावर ३० टक्के. ते घेऊन गेले तर उत्तर आलं, "चाळीसच्या खाली आहेस. लेखनिक मिळत नाही." सगळं तोंडी. लिहून कुणी काही दिलं नाही, आणि लिहून मागायचं असतं हे मलाही माहीत नव्हतं.

आता हे चाळीस टक्के नीट समजून घ्या. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्यात चाळीस टक्क्यांची रेघ आहे, पण ती राखीव जागांसारख्या काही लाभांसाठी. दिव्यांग व्यक्ती कोण, याच्या मूळ व्याख्येत टक्केवारीच नाही. दीर्घकाळाचं व्यंग आहे आणि त्यामुळे इतरांच्या बरोबरीने भाग घेता येत नाही, एवढं पुरतं. याच मुद्द्यावर विकास कुमार नावाचा उमेदवार सुप्रीम कोर्टात गेला. त्याला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि यूपीएससीने टक्क्यांचं कारण सांगून लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ ला निकाल त्याच्या बाजूने लागला. कोर्टाने सरकारला नियम करायला सांगितलं, आणि १० ऑगस्ट २०२२ ला चाळीसच्या खालच्यांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. म्हणजे मला तोंडी 'नाही' म्हटलं गेलं तेव्हा हा कागद निघून काही महिने झाले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बँक परीक्षेच्या एका प्रकरणात कोर्टाने पुन्हा तेच बजावलं.

हा कागद मला एका प्राध्यापिकेने दिला. तिसऱ्या सत्राच्या आधी मी त्याची प्रत जोडून अर्ज केला. नुसती टक्केवारी पुरत नाही. लिहिण्यात अडचण आहे आणि लेखनिक आवश्यक आहे, असं सरकारी रुग्णालयाच्या समितीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. त्याचा नमुना त्या सूचनांमध्येच आहे. तो छापून सोबत न्या, नाहीतर डॉक्टर जुन्याच सर्टिफिकेटची झेरॉक्स मागत बसतात. अर्ज दोन प्रतींत करा, एका प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्या. हॉल तिकीट आल्यावर धावाधाव करू नका. परीक्षा फॉर्म भरतानाच अर्ज द्या. माझ्या अर्जावर शिक्का मारताना त्याच क्लार्कनी, "बघू," म्हटलं. पण शिक्का बसला होता. आठ दिवसांत मंजुरी आली.

मग लेखनिक कोण? माझ्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेली हवी होती, म्हणून शेजारची बारावीतली मुलगी तयार झाली. उर्दू शाळेतली. ती 'ळ'चा 'ल' करायची! माझ्या पेपरात 'मराठवाड्यातील चलवल' झाली असेल, तपासणाऱ्यांनी समजून घेतलं असावं. पण आम्ही आधी दोन आठवडे सराव केला होता. सांगून लिहून घेणं हे वेगळं शिकावं लागतं: किती वेगाने बोलायचं, परिच्छेद कुठे पाडायचा. लेखनिक मिळाली म्हणजे पेपर सोपा झाला, असं समजू नका. तासाला निदान २० मिनिटं जादा मिळतात. दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा माझा पेपर पूर्ण झाला.

मोहल्ल्यात एकाने अब्बूंना म्हटलं, "बेटी को खैरात दिला रहे?" अब्बू फार बोलणारे नाहीत. एवढंच म्हणाले, "खैरात के लिए अर्जी पे सिक्का नहीं लगता."

अम्मी आज मागच्या रांगेत बसली आहे. माझं लग्न अजून ठरलेलं नाही. मध्ये एक स्थळ आलं होतं, त्यांना सर्टिफिकेट मीच दाखवलं. ते परत आले नाहीत. अम्मी त्या रात्री जेवली नाही. हेही तुम्हाला सांगायला हवं, नाहीतर मी अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. पण सकाळी एम.ए.च्या फॉर्मसोबतचा लेखनिकाचा अर्ज तिनेच पिशवीत घालून दिला.

अर्जाच्या कोऱ्या प्रती आणि त्या सूचना मी आणल्या आहेत, तिकडे टेबलावर. चहा घेताना घेऊन जा. काय लिहायचं ते मी सांगेन. लिहायचं मात्र तुम्हीच, माझा हात दुखतो.