फुलदाणीतील फुले टिकवावी कशी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



फुले आणावीत हौसेने, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी माना टाकाव्यात, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकींना आहे. मग आपण म्हणतो, "फुलवाल्याने शिळी दिली." कधी तसे असतेही, पण पुष्कळदा दोष फुलांचा नसतो, आपल्या फुलदाणीचा असतो. फुलदाणी काठोकाठ भरलेली असूनही फूल तहानेने मरते. ते कसे, एवढे समजले की बाकीचे उपाय पाठ करावे लागत नाहीत.

फुलाच्या दांड्यात केसाहून बारीक नळ्या असतात. त्यांतून पाणी वर चढते. पूर्वीच्या वातीच्या नव्हे, पंपाच्या स्टोव्हची आठवण करा. टाकीत रॉकेल भरपूर असले, तरी बर्नरच्या भोकात कचरा अडकला की स्टोव्ह पेटत नसे. पिन मारावी लागे. दांड्याचेही तसेच आहे. त्याच्या नळ्या दोन कारणांनी बुजतात. एक, फूल तोडल्यावर दांडा हवा ओढून घेतो व नळीत बुडबुडा अडकतो. दुसरे, पाण्यात कुजणाऱ्या पानांमुळे सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांचा बुळबुळीत थर दांड्याचे तोंड बंद करतो.

म्हणून फुले घरी आली की पहिले काम दांडे कापण्याचे. बादलीत पाणी घ्यावे, दांड्याचे टोक पाण्यात बुडवावे आणि पाण्यातच धारदार सुरीने बोटभर तुकडा तिरका कापावा. तिरका अशासाठी, की दांडा तळाला चिकटून बसू नये. नखाने खुडू नये, दांडे ठेचूही नयेत; ठेचलेला भाग लवकर कुजतो. पाण्यात बुडणारी सर्व पाने काढून टाकावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, फुलदाणी आपण दुधाचे पातेले जशी घासतो तशी आतून घासावी. नुसती विसळून भागत नाही. पाणी रोज बदलावे, दर दोन दिवसांनी दांडे थोडे पुन्हा कापावेत.

पाण्यात काय घालावे, हा नेहमीचा प्रश्न. तांब्याचे नाणे टाकण्याची पद्धत जुनी आहे, पण नाण्यातले तांबे पाण्यात पुरेसे उतरत नाही. नुसती साखर घातली तर ती फुलाआधी जंतूंनाच पोसते. साखर घालायचीच तर तिच्यासोबत आंबट आणि जंतुनाशक हवे. एक लिटर पाण्यात एक चमचा साखर व दोन चमचे लिंबाचा रस ढवळून घ्यावा आणि शेवटी कपड्यांचे साधे ब्लीच पाव चमचा घालावे. लिंबाचा रस व ब्लीच पाण्याशिवाय एकमेकांत कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. लहान मुले असलेल्या घरी हा खटाटोप न करता रोज स्वच्छ पाणी द्यावे, तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

आता माणसांप्रमाणे फुलांच्याही प्रकृती निरनिराळ्या असतात.

गुलाबाची मान वाकली तर तो टाकून देऊ नका. दांडा पुन्हा कापून सबंध फूल कोमट पाण्यात तासभर आडवे बुडवून ठेवा. नळीतला बुडबुडा निघाला तर मान सरळ होते.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, पण आता आपल्याच घरचा झाला आहे. त्याची फुले खालून वर उमलत जातात. खालची सुकलेली फुले रोज खुडली, तर वरच्या कळ्यांना बळ मिळते. ग्लॅडिओलसलाही हाच नियम. ती छडी मात्र आडवी ठेवू नये. तिचा शेंडा वर वळतो आणि वाकडाच राहतो.

जरबेराचा दांडा लुसलुशीत व लवयुक्त असतो. तो खोल पाण्यात कुजतो. त्याला चार बोटे पाणी पुरे. पण पाणी कमी म्हणून ते रोज पाहायला हवे.

शेवंतीचे फूल दीर्घायुषी, पण तिची पाने आधी पिवळी पडतात. पाने बरीचशी काढून टाकली तर फुले कितीतरी दिवस राहतात. ॲस्टर आणि झेंडू पाणी लवकर नासवतात. त्यांना दुसऱ्या फुलांबरोबर ठेवू नये.

अँथुरियम व ऑर्किड ही उष्ण प्रदेशातली फुले. त्यांना फ्रीजमध्ये ठेवले तर ती थंडीने काळवंडतात.

मोगरा, जाई, सोनचाफा यांना दांडाच नाही. गजरा ओलसर फडक्यात किंवा केळीच्या पानात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावा. पाणी शिंपडत राहिले तर पाकळ्यांवर डाग पडतात. सोनचाफा पसरट वाडग्यात पाण्यावर सोडावा.

फुलदाणीची जागाही पाहावी. ऊन, पंखा आणि टीव्हीची ऊब ही तीन ठिकाणे वर्ज्य. चौथे म्हणजे फळांची टोपली. पिकणारी केळी, आंबे, सफरचंदे इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्याने फुले लवकर म्हातारी होतात. शिकागोच्या बागायतदारांच्या कार्नेशनची फुले दिव्यांच्या गॅसने मिटून जात. त्याचे कारण इथिलीन असल्याचे विल्यम क्रॉकर व ली नाइट या शास्त्रज्ञांनी 1908 साली दाखवून दिले. गणपतीत आपण फुलांशेजारीच पाच फळे मांडतो, तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे.

ही सगळी काळजी कशासाठी? गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येणारी शेवंती, झेंडू यवत-सासवडकडची, गुलाब-जरबेरा मावळातल्या हरितगृहांतले. तिथे तोडणीला वाकलेल्या बायका आपल्यासारख्याच संसारी आहेत. त्यांनी महिनोन्महिने वाढवलेले फूल आपण एका रात्रीत वाया घालवतो. सत्काराच्या गुच्छांचे तर विचारूच नका. तार आणि प्लॅस्टिकमध्ये आवळलेला गुच्छ पाहुण्यांच्या हातून टेबलावर, टेबलावरून कचऱ्यात. त्यातला हिरवा स्पंज एकदा पुरा वाळला की पुन्हा पाणी नीट धरत नाही, आणि तो खतातही कुजत नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. यापुढे मंडळाच्या कार्यक्रमात शक्यतो सुटी फुले किंवा साधा दोऱ्याने बांधलेला गुच्छ द्यावा. सभा संपल्यावर तिघी-चौघींनी मागे थांबून उरलेले गुच्छ सोडवावेत, दांडे कापावेत आणि शेजारी ज्या आजीबाई आजारपणामुळे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्या घरी ती फुले पाण्यासकट पोहोचवावीत. सुकल्यावर पाकळ्या-पाने नदीत न टाकता खतात घालावीत. काम अर्ध्या तासाचे आहे. आजच कोण थांबणार, त्यांनी माझ्याकडे नाव द्यावे.