पहिला पाऊस आणि नवं अंगण



नवं घर होतं. वास्तुशांत होते. आणि पहिल्याच पावसात फाटकापासूनची वाट डगमगू लागते.

एक पेव्हर ब्लॉक खचलेला, शेजारचा वर आलेला. पाय पडला, की फटीतून चिखलाची पिचकारी!

दोष बहुतेकदा ब्लॉकचा नसतो.
तो खालच्या भरावाचा असतो.

कोकणात हे लगेच उघडं पडतं. घाईने टाकलेला भराव वरून सपाट दिसतो. आतून तो भुसभुशीत असतो. पाणी शिरलं, की बसतो.

म्हणून जाणकार गवंडी मुरूम थराथराने टाकतो. प्रत्येक थरावर पाणी मारतो. मग धुम्मस चालवतो. त्यावर खडी, मग कच, आणि शेवटी ब्लॉक. कडेला काँक्रीटची पट्टी हवी, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. नेमकी हीच पट्टी खर्च वाचवताना गळते!

पुन्हा सांगायचं, तर आधी भराव, मग ब्लॉक.

आता उतार. दर मीटरला साधारण 2 सेंटीमीटर, म्हणजे बोटाच्या रुंदीएवढा. तोही जोत्यापासून बाहेर. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरतो, दोन टोकं दोघं धरतात, आणि पातळी डोळ्यांना दिसते.

परसात मात्र सगळीकडे काँक्रीट नको. मोरीचं पाणी केळीच्या आळ्यात मुरवण्याची रीत आजही चालते.

सिंधुदुर्गात अंगणाला खळं म्हणतात. पावसाने उखडलेलं मातीचं खळं पाऊस सरल्यावर पुन्हा चोपतात, शेणाने सारवतात. तिथेही पहिलं काम चोपण्याचंच.