शिलारसातलं निकेल

१९७३ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या मिश्र धातू निगममध्ये निकेलप्रधान मिश्रधातू घडतात. शहराखालच्या ग्रॅनाइटमध्ये मात्र निकेल शोधून हाती काही लागायचं नाही. ते येतं पृथ्वीच्या प्रावरणातून, लोह-मॅग्नेशियमयुक्त तप्त शिलारसाबरोबर. वाटेत या रसाला भरपूर गंधक मिळालं, तर सल्फाइडचे जड थेंब वेगळे होतात, निकेल आणि तांबं ओढून घेतात आणि तळाशी साचतात.

असं साचलेलं सल्फाइड थिजून झालेला दगड हातात घ्या. पितळी पिवळा चमकतो तो चाल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं खनिज. कांस्यरंगी पायरोटाइट बहुधा चुंबकाला ओढ देतो. खरा मानकरी पेंटलँडाइट. निकेल त्याच्यात असतं. थंड होताना तो पायरोटाइटमधूनच सुटा होतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या ज्वालांसारख्या रेघा दिसतात. फार देखणं दृश्य!

रशियातल्या नोरिल्स्कचे प्रचंड साठे सायबेरियाच्या सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाकाळातले. आपला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याची पूर्वेकडची कड हैदराबादच्या पश्चिमेला विकाराबादकडे दिसते. लाव्हा आपल्याकडेही अफाट होता, पण तेवढ्यानं भागत नाही. नोरिल्स्कच्या शिलारसाला वाटेतल्या खडकांतून गंधक मिळालं होतं.