कौलाची मुदत

(राजूर, ता. वणी येथे नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्यांच्या या राजूरमध्ये कर्जरोख्यांचा विषय काहींना अस्थानी वाटेल. परंतु कर्ज म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या आणि खाणकामगाराच्या घरी वेगळे सांगावे लागत नाही. कर्त्याने काढलेले कर्ज मुलांना फेडावे लागते. म्हणून शहाणा कर्ता आधी घरच्यांना विचारतो. सार्वजनिक कर्जाचे सूत्रही हेच असावयास हवे.

अमेरिकेतील अनेक राज्यांत शाळा, रस्ते वा पाणीयोजनेसाठी रोखे काढण्यापूर्वी मतदारांचा कौल घेतला जातो. नॉर्थ कॅरोलिना राज्यात तर त्या कौलालाही मुदत आहे. मंजूर झालेले रोखे सामान्यतः ७ वर्षांत काढावे लागतात. राज्याच्या आयोगाने मुभा दिली तर १० वर्षांत. त्यानंतर जुन्या संमतीवर नवे कर्ज नाही. कारण उघड आहे. दरम्यान भाव बदलतात, गरजा बदलतात, मतदारही बदलतात.

आपल्याकडे रोख्यांसाठी मतदाराला थेट विचारतच नाहीत. त्याच्या वतीने नगरसेवक विचार करतात. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीयोजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी रुपये उभारले. त्याच वर्षी योजनेच्या निविदा रद्द कराव्या लागल्या. व्याजाचे मीटर मात्र फिरतच राहिले. पिंपरी-चिंचवडमध्ये मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्याच काळात, २०२३ मध्ये, ८.१५ टक्क्यांनी २०० कोटींचे रोखे निघाले. ते कायद्याला धरूनच होते. पण ज्यांनी फेडायचे, त्यांच्या वतीने बोलणारा एकही निर्वाचित प्रतिनिधी तेव्हा सभागृहात नव्हता. प्रश्न हेतूचा नाही, अधिष्ठानाचा आहे.

कोणी म्हणेल, पुन्हा पुन्हा विचारत बसलो तर कामे अडतील. येथे एक विवेक ठेवला पाहिजे. काढलेल्या कर्जाची फेड हे वचन आहे. ते मोडता येत नाही. मुदत असावी ती अद्याप न काढलेल्या कर्जाच्या संमतीला.

हे तत्त्व आपल्या कायद्याला परके नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांच्या अहवालाच्या मूल्यमापनानंतर १२ महिन्यांत प्राथमिक अधिसूचना निघाली नाही, तर तो अहवाल व्यपगत होतो. शासनाने कारणे नोंदवून मुदत वाढविली तरच तो टिकतो. कोळसा क्षेत्रासाठी १९५७ चा वेगळा कायदा आहे, हे आपण जाणताच. पण संमती शिळी होते, एवढे तरी विधिमंडळांनी मान्य केले आहे.

मग आपण काय करावे? ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी. म्हणजे १०० जागरूक माणसे पुरेत. ठराव मांडला जाईल तेव्हा तीन प्रश्न विचारा : रक्कम किती, काम कोणते, आणि ही संमती कधीपर्यंत? तिन्ही उत्तरे इतिवृत्तात लिहवून घ्या. तारीख नसलेला ठराव म्हणजे सही करून दिलेला कोरा कागद. तो कोणाच्या हाती पडेल, हे आज हात वर करणाऱ्याला ठाऊक नसते.