‘घरगुती कारणावरून’

(चांदूर बाजार येथे महिला वार्ताहरांच्या शिबिरात केलेलं भाषण)



तुमच्यातल्या बऱ्याच जणी तालुक्याची बातमीही पाठवतात आणि जाहिरातीही गोळा करतात. त्यामुळे कुणाविरुद्ध लिहिताना हात का आखडतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. आज मानवी हक्कांवरच्या सदराबद्दल बोलू.

सकाळी आपण तुमची कात्रणं वाचली. ‘घरगुती कारणावरून’ हे शब्द त्यांत किती वेळा आले! विवाहितेनं विहिरीत उडी घेतली, घरगुती कारणावरून. विष घेतलं, तेही घरगुती कारणावरूनच. बातमीला सवड नसते. पोलीस ठाण्यात जे सांगतात ते आपण लिहितो. सदराला मात्र आठवडा मिळतो. त्या आठवड्यात शोधा, की ही बाई आधी कुणाकडे गेली होती का? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत ठेवावी, साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, असं लिहिलेलं आहे. तिच्या अर्जाचं काय झालं? संरक्षण अधिकारी तिला भेटले का? कुणी दाद देत नसेल तर दहा रुपयांचं तिकीट लावून माहितीचा अर्ज टाका. बाईची कीव करणारं सदर लोक वाचतात आणि विसरतात. तारखा लिहिल्या की साहेबाला उत्तर द्यावं लागतं.

कापूस वेचणाऱ्या बायांबद्दलही तसंच. ‘उन्हातान्हात राबणारी माऊली’ लिहू नका. बाईला किती मजुरी, गड्याला किती, ते आकडे लिहा. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ सालीच आला, हे शेजारी लिहा.

हे काही परकं शिक्षण नाही. ताराबाई शिंदे आपल्या बुलढाण्याच्याच. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांच्या चारित्र्यावर लिहून आलं. ताराबाईंनी त्या विधवेसाठी नुसते अश्रू ढाळले नाहीत. पुनर्विवाह कुणी बंद केला, त्या पुरुषाचं काय, असं त्यांनी विचारलं. १८८२ चं ‘स्त्री-पुरुष तुलना’ त्यातूनच आलं.

आता एक अवघड गोष्ट. सुरुवातीला मीही एक सदर लिहीत असे. एका बाईच्या मारहाणीबद्दल लिहिलं. नाव बदललं, पण गाव, नवऱ्याचा धंदा, मुलं किती, सगळं खरं ठेवलं. चांगलं लिहिलं असं मला वाटत होतं. पंधरा दिवसांनी ती भेटली. म्हणाली, “ताई, माहं नाव नाही छापलं तुम्ही, पन घर तं छापलंच ना!” तिला माहेरी यावं लागलं होतं. मी माफी मागितली, पण त्यानं तिचं काय भागणार होतं?

मथुरा प्रकरण तुम्हाला माहीत आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली सोडून दिलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कायद्याच्या पुस्तकांत तो खटला आरोपी पोलिसाच्या नावानं आहे. आपल्या तोंडी मात्र तिचंच नाव राहिलं. बलात्कारित स्त्रीची ओळख छापणं गुन्हा ठरलं ते त्या १९८३ च्या दुरुस्तीनंच. आज भारतीय न्याय संहितेतही ते आहे. नुसतं नावच नव्हे, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. मारहाणीच्या किंवा टाकून दिलेल्या बाईबद्दल लिहिताना कायदा विचारणार नाही, तरी तोच नियम पाळा. छापण्याआधी तिला वाचून दाखवा. ती नको म्हणाली तर वही मिटा, संपादकाचा फोन आला तरी.

जेवणानंतर प्रत्येकीनं आपलंच एक कात्रण घ्यायचं. आधी शेजारणीला वाचायला द्या आणि विचारा, ही बाई कोण ते तिला कळलं का. चांदूरमध्ये बहुतेकींना कळेल. ज्या ओळीवरून कळलं ती खोडा, आणि तिथं कार्यालयाचं नाव व अर्जाची तारीख घाला. तारीख माहीत नसेल तर जागा कोरी सोडा. उद्या सकाळी आपण तहसीलला जाणारच आहोत.