खाज लपवावी लागू नये





कामातून जडणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीची बहुतेक सगळी रूपे आमच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात भेटतात. भोसरीत लेथवर कुलंटमध्ये दिवसभर भिजणारे हात, प्लेटिंगच्या टाक्यांवरचे निकेल आणि क्रोमियम, पेंटशॉपमधले इपॉक्सी आणि हार्डनर, बांधकामावरचे ओले सिमेंट, कँटीनमध्ये लसूण सोलणाऱ्या बायकांची बोटे. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेलेले गाजर गवत तर गेटवरच्या वॉचमनचा चेहरा आणि मानही सोडत नाही.

ही ॲलर्जी एकदा जडली की बहुधा जन्माची सोबत करते. पुढे त्या पदार्थाचा अंशही पुरतो. म्हणून पहिली खाज सुटली तेव्हाच माणसाने बोलायला हवे. पण कंत्राटी पोरगा बोलत नाही. ‘उद्यापासून येऊ नकोस’ या शब्दांची त्याला जास्त भीती असते. तो थिनरने हात धुतो, मेडिकलमधून स्टिरॉइडचे मलम आणतो आणि बाह्या खाली ओढून कामाला लागतो. आपण त्याला हातमोजे देतो. काहींना त्या रबरातल्या रसायनांचीच ॲलर्जी होते, आणि फिरत्या यंत्राशी तर मोजा घालणेच धोक्याचे.

माणूस बदलण्याआधी पदार्थ बदला, असे माझे ठाम मत आहे. डेन्मार्कने १९८०च्या दशकात सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळायला लावून त्यातले विरघळणारे क्रोमियम निष्प्रभ केले आणि तिथल्या बांधकाम कामगारांचा त्रास घटला. युरोपीय संघाने २००५ पासून सिमेंटमधल्या अशा क्रोमियमची मर्यादा दहा लाखांत दोन भाग इतकी ठरवली.

तोवर निदान तरी वेळेवर व्हावे. पॅच टेस्टच्या पट्ट्या पाठीवर लावायच्या, ४८ तासांनी काढून पाहायच्या, एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायच्या. मधल्या काळात पाठीला घामपाणी लागू द्यायचे नाही. फर्नेसजवळ उभ्या राहणाऱ्याने हे कसे सांभाळायचे? दवाखान्याच्या तीन फेऱ्या म्हणजे रोजंदारीवाल्याचे तीन खाडे. या दिवसांचा पगार आम्ही मालकांनी द्यावा आणि चाचणीच्या निकालावरून कुणाचे काम जाऊ नये, असा ठराव या सभेच्या स्वागत समितीने तयार ठेवला आहे. दुपारच्या सत्रात तो चर्चेला घ्यावा, ही अध्यक्षांना विनंती.