करवंदाचा मसालेदार केक



वैशाखात करवंद काळं झालं की दोन-तीन दिवसांत ते वापरावं लागतं. टोपल्यात दाबलं गेलं की पाणी सुटतं, आणि मग व्यापारी सांगेल तो भाव. खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली. बांधाच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. पण त्याच इमारतींमधली माणसं आज करवंद विकत घेतात. म्हणून वाघोली-केसनंदकडच्या मंडळींनी बांध साफ करताना करवंदीची जाळी मुळासकट काढू नये. कुंपण आहेच, वर फळ मिळतं.

उरलेल्या फळाचा केक करा. अंडं लागत नाही, भट्टीही लागत नाही.

पिकलेली काळीच करवंदं घ्या, कच्च्याला चीक फार. धुऊन, कुस्करून चाळणीवर घासा, बिया वर राहतील. गर स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ठेवा. ॲल्युमिनियमला आंबट लागतं.

दोन वाट्या बारीक रवा, वाटीभर चिरलेला गूळ, वाटीभर ताक आणि अर्धी वाटी तूप एकत्र करून तासभर झाकून ठेवा. रवा फुगला की पाऊण वाटी गर, चमचाभर सुंठपूड, अर्धा चमचा दालचिनी, चार लवंगा व चार वेलदोडे कुटून, चिमूटभर मीठ घाला. पीठ इडलीच्या पिठाएवढं दाट हवं.

खाण्याचा सोडा अगदी शेवटी, पाऊण चमचाच. करवंदाच्या आंबटपणाशी तो भिडला की वायू सुटतो, त्यानंच केक फुगतो; म्हणून मग थांबू नका. सोडा जास्त पडला तर रंग निळसर-काळा होतो आणि चव साबणासारखी लागते. आमच्या भगिनींचा हात इथेच सैल सुटतो!

जाड पातेल्यात दोन बोटं कोरडी वाळू घालून आधी दहा मिनिटं तापवा. तूप लावलेल्या डब्यात मिश्रण अर्ध्याच्या थोडं वर भरा, डबा वाळूवर ठेवा, वर झाकण, झाकणावर थोडे निखारे. मंद आचेवर पाऊण तास. सुरी टोचून कोरडी निघाली की उतरवा. गरम कापू नका, भुगा होईल.

गावच्या बाजारात किंवा सोसायटीच्या दारात विकणार असाल तर आधी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या, आणि वेष्टनावर केल्याची तारीख लिहा.